ओढ्याकाठचे तीन दगड

आमच्या गावाच्या मावळतीला ओढा आहे. ओढा कसला, पावसाळ्यात दोन महिने वाहायचा आणि पुढं येरळा नदीला मिळायचा. खटाव तालुक्यात पाणी असं बेतानंच. त्या ओढ्याच्या काठी महादेवाचं जुनं देऊळ, देवळाच्या मागं पिंपळ आणि पिंपळाखाली तीन दगड. आम्ही त्यांना ‘ईर’ म्हणायचो. वीराचा ईर झालेला, पण हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. लहानपणी ईर म्हणजे ज्याच्यावर बसून विट्या तासायच्या, आवळे खायचे आणि गुरवाची म्हातारी दिसली की उडी मारून पळायचं, असे दगड.

तिघांतले दोन उभे होते, कमरेएवढे उंच. तिसरा आडवा, निम्मा मातीत. दर अमावस्येला गुरवाची म्हातारी त्यांना तेल घालायची, शेंदूर लावायची. तेलाचे, शेंदराचे आणि दिव्याच्या काजळीचे थर वर्षानुवर्षं चढत गेले होते. त्यामुळं आत काही कोरलेलं आहे हे जाणवायचं, पण दिसायचं नाही. अंगावर गोधडी घेऊन माणूस झोपलेलं असावं तसं. हा हात असेल, हे डोकं असेल असा अंदाज करायचा. नवरा-नवरी देवाला निघाले की तिथं नारळ फुटायचा. पाऊस लांबला की बायका तिथं पाणी ओतायच्या. ईर कोण, कुठला, कधीचा, हे कुणी सांगत नव्हतं आणि आम्हीही विचारत नव्हतो. आजोबाला कुणी ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारतं का?

मी शिकलो, डी. एड. झालो आणि १९८४ साली गावापासून दोन कोसांवरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. वय बावीस. त्या वयात माणसाला वाटतं, गाव आपल्याच हातून सुधारायचं राहिलं आहे. मलाही वाटत होतं. १९८६च्या दिवाळीच्या सुट्टीत गावात श्रमदान ठरलं. गटारं काढली, पारावरचा कचरा जाळला, देवळाला चुना दिला. देवळापर्यंत आल्यावर माझं लक्ष त्या तीन दगडांकडं गेलं. काळेकुट्ट, तेलकट, माश्या बसलेल्या. मी पोरांना म्हणालो, “हे बी घासून काढू या. आत काय हाय ते तर बघू.”

तालुक्याच्या बाजारातून फरशी धुवायच्या ॲसिडच्या दोन बाटल्या आणल्या. तारेचे ब्रश आणले. शेंदराचं कवच बोटभर जाड होतं, ते ब्रशानं हलेना, म्हणून सुताराकडून एक पटाशी आणि हातोडी आणली. पोरं उत्साहात होती. ॲसिड ओतलं की फेस यायचा, धूर निघायचा, पोरं ओरडायची.

एवढ्यात गुरवाची म्हातारी काठी टेकत आली. तेव्हाच ती पंचाहत्तरीच्या पुढं असेल. थोडा वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली,

“काय करतुयास रं मास्तरा?”

“साफ करतोय आज्जी. किती घाण बसलीया बघ.”

“कुणाला पुसलंस?”

मला वाटलं विनोद करावा. मी म्हणालो, “पुसायलाच तर आलोय की.”

पोरं हसली. म्हातारी हसली नाही. म्हणाली, “त्येची कातडी सोलतुयास लेकरा. घाण न्हवं ती. माझ्या सासूनं घातलेलं त्याल हाय त्यात.” आणि निघून गेली.

आमच्या बोलीत ‘पुसणं’ म्हणजे विचारणं. पुस्तकी भाषेत पुसणं म्हणजे फडक्यानं साफ करणं. आणि ‘पुसून टाकणं’ म्हणजे होतं-नव्हतं ते नाहीसं करणं. एका शब्दाचे हे तीन अर्थ मी वर्गात फळ्यावर लिहून पोरांना शिकवले असतील, पण त्या दिवशी पहिला सोडून बाकीचे दोन्ही मी एकाच दमात केले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही उभे दगड उघडे पडले. आणि खरंच, काय देखणं काम होतं! एका दगडावर एकावर एक तीन चौकटी. सगळ्यात खालच्या चौकटीत एक माणूस आडवा पडलेला, त्याच्या बाजूला गायी. मधल्या चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना बायका, त्याला उचलून वर नेणाऱ्या. वरच्या चौकटीत तोच माणूस हात जोडून महादेवाच्या पिंडीपुढं बसलेला. त्याच्याही वर कळस आणि कळसाच्या दोन अंगांना सूर्य आणि चंद्रकोर. मी वेड्यासारखा बघत राहिलो. पण खालच्या चौकटीतल्या त्या आडव्या माणसाला तोंड नव्हतं. म्हणजे सकाळपर्यंत होतं. शेंदराखाली एक फुगवटा जाणवत होता. पटाशीचा एक घाव बसला आणि शेंदराच्या ढपलीबरोबर तोंडही गेलं. घाव पोराच्या हातून बसला की माझ्या, हे सांगायची मला पुढं पुष्कळ वर्षं सवय होती: “पोरांच्या हातून झालं.” खरं म्हणजे त्या वेळी पटाशी माझ्याच हातात होती.

ती ढपली पायाखाली कुठं गेली, कुणी शोधली नाही. आम्ही दगडांवर वरून काळा ऑइल पेंट मारला, कडेनं चंदेरी रेघ ओढली, बुडाशी सिमेंटचा गिलावा केला. तालुक्याहून साहेब आले, त्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढच्या पावसाळ्यानंतर रंगाचे पापुद्रे सुटले. त्यांच्याखालून दगडावर पिवळट-तांबूस ओघळ दिसायला लागले. आपल्या काळ्या दगडात लोखंडाचा अंश असतो. ॲसिडनं तो मोकळा होतो आणि पुढं गंजतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी गिलाव्याच्या वरच्या अंगाला दगडाच्या खपल्या निघू लागल्या. म्हातारीनं परत तेल घालायला सुरुवात केली होती, पण शेंदूर काही लावला नाही. मला कधी बोलली नाही. मी समोरून आलो की पदर सावरून बाजूला व्हायची, एवढंच. ती १९९१ साली गेली. तिची माफी मागायची राहिली.

१९९४ साली पुण्याहून एक अभ्यासक आमच्या भागात आले. गावोगावचे असे दगड बघत, मोजत, फोटो काढत ते हिंडत होते. मी त्यांना हौसेनं पिंपळाखाली घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, याला वीरगळ म्हणतात. कानडीत कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड, म्हणून वीरगल्लु, त्याचा आपल्याकडं वीरगळ झाला. तो खालून वर वाचायचा असतो. खाली मरण, मग स्वर्गाची वाट, वर देवाची भेट. सूर्य-चंद्र कशाला? जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असं वचन. गायी असतील तर बहुधा गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला असं समजायचं. मराठी मुलखातले पुष्कळ वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातले, म्हणजे सात-आठशे वर्षांचे आणि काही त्याहूनही जुने. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी त्यांची रांगच आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. या दगडांवर शेट्टर आणि सोन्थायमर या दोन विद्वानांनी संपादन केलेला ‘मेमोरियल स्टोन्स’ नावाचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ १९८२ सालीच निघाला होता, हेही त्यांच्याकडून कळलं. म्हणजे मी ॲसिडची बाटली उघडली त्याच्या चार वर्षं आधी.

“आणि नाव कुठं असतं?” मी विचारलं.

“आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतंच,” ते म्हणाले. मग त्या खालच्या चौकटीपाशी बसले. त्या तुटक्या जागेवरनं त्यांनी एक बोट हळूच फिरवलं. तुटका भाग बाकीच्या दगडापेक्षा ताजा दिसत होता. त्यांना सगळं कळलं असणार. काही बोलले नाहीत. मीही “पोरांच्या हातून झालं” एवढंही बोललो नाही.

त्या रात्री झोप आली नाही. ज्याला नाव नाही त्याला ओळखायची एकच खूण उरलेली होती, तोंड. ते मी काढून टाकलं. शत्रूनं त्याला एकदा मारलं. मी त्याला ‘स्वच्छ’ केलं.

*

मी शिक्षक आहे, त्यामुळं प्रश्न सुटला नाही तर तो वहीत लिहून ठेवायची खोड आहे. त्या वर्षी वहीत लिहिलं होतं: मेलेल्या माणसाचं आपण काही लागतो का? आणि लागत असू, तर ते फेडायचं कसं?

पहिल्या प्रश्नाचं सोपं उत्तर ‘नाही’ असं आहे. मेलेल्याला दगड घासला काय नि फोडला काय, दुखत नाही. मग म्हातारी ‘कातडी’ का म्हणाली? आणि मला चाळीस वर्षं ते का टोचतंय?

आपल्यात तर दगड ठेवायची रीतही नाही. २००३ साली माझे वडील गेले. येरळेच्या काठी दहन केलं. तिथलाच एक लहानसा खडा उचलून दिला, जीवखडा. दहा दिवस तोच खडा म्हणजे आमचे तात्या. त्याला अंघोळ घालायची, त्याच्यापुढं पिंड ठेवायचा, कावळा शिवायची वाट बघायची. दहाव्या दिवशी सगळं उरकल्यावर तो नदीत सोडला. पाण्यात पडल्यावर तो बाकीच्या हजार खड्यांत मिसळून गेला. मी काठावर उभा राहून तो कुठला हे ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही. भटजीकाका म्हणाले, “मागं बघू नका आता.”

म्हणजे आपल्या शहाण्या पूर्वजांनी ठरवलं होतं की मेलेल्या माणसाला दगड हवा, पण दहा दिवसच. मग सोडून द्यायचा. माझ्या बापाचा दगड नदीत आणि त्या अनोळखी माणसाचा दगड आठशे वर्षं पिंपळाखाली, असं का?

पुष्कळ विचार केल्यावर मला एक गोष्ट सुचली. तात्यांचं देणं लागणारे आम्ही होतो, त्यांची पोरं. आमच्यापाशी त्यांची आठवण होती, शिव्या होत्या, जमीन होती. दगडाची गरज नव्हती. पण तो माणूस गावासाठी पडला. त्याचं देणं गावानं लागत होतं. गावाला पोरांसारखी आठवण नसते. गावातली माणसं बदलत राहतात, म्हणून गावानं दगडावर लिहून दिलं, चंद्र-सूर्य साक्षीला घेऊन. ती एक प्रकारची चिठ्ठी होती, हातउसन्याची. चिठ्ठी करणारे मेले, घेणाऱ्याचं नावही गेलं, पण चिठ्ठी आहे तोवर देणं आहे. आणि जी माणसं आज त्या शिवारात गुरं चारतात, त्यांच्याकडं ती आपोआप आलेली आहे.

हे सगळं कुणाला पटेल न पटेल. नगर जिल्ह्यातल्या माझ्या एका शिक्षकमित्राला मी हे सांगितलं. तो ख्रिस्ती आहे. त्यांच्या गावच्या दफनभूमीत त्याच्या आजोबांच्या थडग्यावर संगमरवरी पाटी आहे, मराठी अक्षरांची. दर वर्षी २ नोव्हेंबरच्या आधी तो ती धुवायला जातो. तो म्हणाला, “देणंबिणं मला कळत नाही. मी जातो, कारण तिथं अर्धा तास आजोबांपाशी बसायला कारण मिळतं.” मग माझी ॲसिडची गोष्ट ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. “संगमरवरावर ॲसिड घातलंस तर अक्षरंच विरघळतील की! साखरेसारखा भुसभुशीत होतो तो. आम्ही नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. बाकी जे निघत नाही, ते राहू द्यायचं.”

‘जे निघत नाही ते राहू द्यायचं’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

*

बदल्या होत होत २०११ साली मी गावच्याच शाळेत आलो. त्या उन्हाळ्यात पाटा-वरवंट्याला टाकी लावून देणारा एक म्हातारा पाथरवट गावात आला होता. आता मिक्सरमुळं त्याला काम कुठलं? चार घरं झाली की पिंपळाखाली पडून राहायचा. एकदा मी त्याला त्या दगडांपाशी नेलं आणि आठ-दहा वर्षं कुणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं. पटाशी कुणाच्या हातात होती तेसुद्धा.

त्यानं दगडावर हात फिरवला, कान लावला, बोटाच्या पेरानं टकटक केलं. जिथं खपल्या होत्या तिथं आवाज बद्द येत होता.

“शिमिट कुणी घातलं?”

“मीच.”

“दगुड श्वास घेतो गुरुजी. पाणी आत घेतो, भाईर सोडतो. तुमी त्येच्या नाकावर हात ठिवला. पाणी शिमिटातनं जाईना, मग त्ये दगडातनं वाट काढतंय, खपल्या पाडत.”

त्याला शाळा माहीत नव्हती, पण पुढं एका जाणकार संवर्धकाकडून मी हेच ऐकलं. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं. ओल आणि क्षार अडकवून ठेवतं आणि मग त्रास दगडाला होतो. म्हणून जुन्या कामाला चुना. चुना मऊ असतो, झिजायचं तर तो झिजतो, दगड राहतो.

पाथरवटानं मला तीन रविवार शिकवलं. पहिला रविवार तर त्यानं दगडाला हातच लावू दिला नाही. नुसतं बघायला लावलं. पाणी कुठून येतं, ऊन कधी लागतं, मुंग्या कुठं शिरतात. दुसऱ्या रविवारी नुसतं पाणी, ओढ्याचं नाही, घरच्या आडाचं. खालून वर भिजवत जायचं, नाहीतर वरची घाण खाली कोरड्या दगडात मुरते आणि डाग पडतात. तिसऱ्या रविवारी बांबूच्या चपट्या काड्या आणि काथ्याची मऊ कुंचली. तारेला मनाई, लोखंडाला मनाई.

दगडाच्या मागच्या अंगाला करड्या-हिरव्या रंगाचं दगडफूल आलं होतं. आपल्या बायका काळ्या मसाल्यात घालतात त्याच्याच जातीचं. मी ते नखानं खरवडायला गेलो तर त्यानं हात धरला.

“सुकं वढू नगा. त्येची मुळं दगडात घुसल्याली असत्यात. वढलं की दगडाचा कण घिऊन येतंय. भिजवा. तासभर थांबा. फुगलं की आपणहून हात सोडतंय.”

“आणि नाही सोडला तर?”

“तर ऱ्हाऊ द्या. त्येचं बी घर हाय.”

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मी शाळेत शंभर वेळा सांगितली असेल. टाकी चालवणाऱ्या या माणसाकडून मला तिची दुसरी बाजू कळली. घाव घालायचा अधिकार एकदाच असतो, घडवताना. त्यानंतर आलेल्यानं घाव घालायचा नसतो, राखायचं असतं.

ऑइल पेंट काढायला आम्हाला दोन हिवाळे लागले. सगळा निघाला नाहीच. जे निघत नव्हतं, ते राहू दिलं.

*

आता दुसऱ्या उभ्या दगडाबद्दल सांगायला हवं, जे मी इतका वेळ टाळतोय.

त्या दगडावर माणूस नाही. नुसता एक हात आहे. खांबासारख्या दगडातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला. मनगटावर बांगड्या, ठसठशीत. वर सूर्य-चंद्र. ती सतीशिळा आहे. शेजारच्या वीरामागं जी जळाली तिची, असं समजतात.

पोरांना घेऊन आम्ही दगड धुवायला लागलो तेव्हा सातवीतली एक मुलगी तिथं थांबली. तिला मी हाताचा अर्थ सांगितला. बांगड्या म्हणजे सौभाग्य, म्हणजे ती विधवा म्हणून जगली नाही. तिनं कुंचली खाली ठेवली.

“गुरुजी, हिला कुणी पुसलं हुतं का?”

पंचवीस वर्षांपूर्वी म्हातारीनं मला विचारलेला शब्द, तोच. मी गप्प.

“मग आपून हिला कशापायी घासायचं? परत उजळ करून लोकास्नी दावायचं?”

प्रश्न बरोबर होता. सतीबंदीचा कायदा इंग्रजांनी बंगाल प्रांतात १८२९ साली केला. स्वतंत्र भारतात १९८७ साली परत नवा कायदा करावा लागला आणि त्यात सतीचा गौरव करणं हासुद्धा गुन्हा ठरला. वीराचं देणं गाव लागतं हे मी मोठ्या तोंडानं सांगत होतो, पण या बाईशी गावाचा व्यवहार काय? तिला जाळणारेही गावातलेच, दगड घडवणारेही गावातलेच. तिचं नाव नाही आणि तोंड तर कुणी कोरलंच नाही. वीराचं तोंड मी तरी फोडलं. हिचं कोरायची गरजच कुणाला वाटली नाही. बांगड्या दिसल्या की पुरे.

मग काय करायचं? दगड गाडून टाकायचा? काहीजण तसंही म्हणाले. पण गाडला तर तिचा उरलासुरला हातही जाईल आणि शेजारी वीर मात्र दिमाखात उभा राहील, जणू असं काही घडलंच नव्हतं. ते मला दुसऱ्यांदा जाळण्यासारखं वाटलं. मी त्या मुलीला एवढंच म्हणालो, “पूजा करायला नको. गौरव करायला नको. पण काय झालं ते दिसू दे. दिसलं तरच तुझ्यासारखी कुणीतरी विचारेल, हिला पुसलं होतं का म्हणून.”

तिला पटलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं कुंचली उचलली आणि त्या हाताचं एकेक बोट धुतलं. शेजारच्या वीराला मात्र तिनं त्या दिवशी हात लावला नाही. मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी समजून चुकलो की दगड साफ करणं म्हणजे मेलेल्या माणसाला पवित्र करणं नव्हे. वीर चांगलाच होता, असं आपल्याला कुठं माहीत? गुरं राखताना पडला असेल किंवा दुसऱ्याची पळवून आणताना पडला असेल. दगडावर जिंकणाऱ्याचंच म्हणणं असतं. आपलं काम त्याचं म्हणणं मान्य करणं नाही. ते वाचता येईल असं ठेवणं, एवढंच.

*

तेलाचा प्रश्न उरला होता. गुरवाच्या घरातली सून, म्हातारीची नातसून, आता अमावस्येला येते. आम्ही दगड उघडे केल्यावर तिला तेल घालू नका म्हणायचं कुणी? आणि का? मी ॲसिडनं केलं तेच परत गोड बोलून करायचं? तेलानं धूळ चिकटते, कोरीवकाम बुजतं, हे खरं. पण आठशे वर्षं तो दगड पायरीला, विहिरीला, उकिरड्याला गेला नाही, तो त्या तेलामुळंच. पुढं २०२२ साली वणीच्या सप्तशृंग गडावर देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढला आणि मूळ रूप दिसलं, तेव्हा किती विचारविनिमयानं आणि विधीपूर्वक ते झालं हे पेपरात वाचून मला माझी सुताराची पटाशी आठवली.

शेवटी मी तिच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ‘पुसायला’. चहा झाला. सगळं सांगितलं. तिच्या आजेसासूचं बोलणंही सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,

“भाऊजी, त्याल दगडाला लागतं का मानसाला?”

“म्हणजे?”

“म्हंजी आमास्नी घालायला जागा पायजे. म्होरं एक गोटा मांडू. त्येला घालू. ईराला पोचल की.”

ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा आणून वीराच्या पुढ्यात मांडला. आता शेंदूर त्याला, तेल त्याला. इतक्या वर्षांचं भांडण एका गोट्यानं मिटलं. मला ग्रंथ वाचून जे सुचलं नव्हतं, ते तिला चुलीपुढं सुचलं. बुडाशी आम्ही सिमेंट काढून चुना-वाळूचा गिलावा केला आणि तिसरा आडवा दगड माती सारून तसाच ठेवला आहे. त्याच्यावर काही कोरलेलं नाही. अर्धवट राहिलेला असावा. कुणासाठी तरी घ्यायचं ठरवलेला.

मध्यंतरी एक मूर्तिकार आला होता. म्हणाला, “गुरुजी, तोंड बसवून देतो. रंग असा जुळवतो की कळणारसुद्धा नाही.” गावातल्या तरुण पोरांना पटलं होतं. वर्गणीची भाषा झाली. मी नको म्हणालो. पोरं म्हणाली, “तुमाला वीराची लाज वाटती का?” लाज त्याची नाही वाटत. पण कुणाचं तोंड बसवणार? मूर्तिकाराच्या मनातलं? तो कसा दिसायचा हे ज्यांनी कोरलं त्यांना माहीत होतं. त्यांचं म्हणणं मी पुसून टाकलं. आता त्या जागी दुसऱ्याचं म्हणणं चिकटवलं तर माझी चूक झाकली जाईल, त्याचं तोंड काही परत येणार नाही. झाकायची तर सवय मला होतीच. तीच मोडायची होती.

गेल्या थंडीत रविवारी आम्ही नेहमीसारखे पाणी घेऊन गेलो होतो. मी निवृत्त होऊनही आता काही वर्षं झाली, गुडघे बोलतात, त्यामुळं मी पारावर बसतो आणि पोरं काम करतात. चौथीतला एक मुलगा नवीन आला होता. खालच्या चौकटीशी बसून तो गायी धुवत होता. गायी झाल्या, मग आडवा माणूस. पाय, पोट, छाती असं वर वर सरकत तो गळ्यापाशी आला आणि थांबला.

“गुरुजी, ह्येचं तोंड कुणी फोडलं? मोगलांनी?”

बाकीची पोरं माझ्याकडं बघायला लागली. मोठ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही.

“न्हाई,” मी म्हणालो, “मी फोडलं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दगडाकडं. “कशानं?”

“पटाशीनं. साफ करताना.”

तो जरा विचार करत राहिला. मग त्या तुटक्या जागेवर त्यानं कुंचली न लावता नुसतं ओंजळीनं पाणी सोडलं आणि बादली रिकामी झाली म्हणून आडाकडं निघून गेला.